कण्यालगतची फट

सकाळचे नऊ वाजले तेव्हा नव्या गलबताच्या पोटात कमरेएवढं पाणी होतं आणि बाहेर एक थेंब नव्हता. म्हणून सगळं घर वेड लागल्यासारखं हसत होतं.

असं कधी झालंच नव्हतं. गलबत पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी ते आतून बाहेर, असं उलटं तपासायचं, ही या घराची रीत. आतून पाणी भरायचं आणि सगळ्यांनी बाहेर खाली वाकून, फळ्यांना नाक लावून बघत बसायचं. उद्या जिथून पाणी आत शिरणार, तिथूनच आज बाहेर येणार. या कामाला डोकं लागत नाही, मान लागते. दर खेपेला चार-सहा ठिकाणी फळ्यांना घाम फुटायचा. तिथं खडूनं खूण करायची, पाणी सोडून द्यायचं आणि तेवढ्या फटी पुन्हा ठोकायच्या. आज मात्र पंप बंद होऊन अर्धा तास झाला तरी गलबताचं पोट बाहेरून ठणठणीत कोरडं.

"आपल्या घरची बादलीसुद्धा एवढी कोरडी राहत नाही," आत्या म्हणाली. पंच्याहत्तरीची बाई, गलबताखाली मांडी ठोकून बसली होती. "हरले ना मी! आठवडाभर भांडी आता माझ्याकडे."

"कुणाशी पैज?" मधलीनं विचारलं, म्हणजे दोन भावांच्या मधल्या बहिणीनं.

"हिच्याशी." आत्यानं थोरल्या वहिनीकडे हनुवटी केली. "पण ही पण हरली. हिनं उजव्या बाजूला गळती धरली होती."

उजव्या बाजूच्या फटी थोरल्यानं भरल्या होत्या. थोरला म्हणजे वहिनीचा सख्खा नवरा.

"अगं, स्वतःच्या नवऱ्याच्या विरुद्ध?" मधलीनं विचारलं.

"मी त्याला घरातला नळ दुरुस्त करताना बघितलंय," वहिनी म्हणाली, आणि तिघी पुन्हा खिंकाळल्या.

मधलीला हसू जास्तच येत होतं. संध्याकाळचा विचार हसूनच दाबता येण्यासारखा होता.

आज संध्याकाळी मोगरी कुणाला तरी मिळणार होती. आबांनी, तिघा भावंडांच्या बापानं, तसं जाहीर केलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी, जेवता जेवता, तोंडात घास असताना. पणजोबांच्या हातची ती लाकडी मोगरी, फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकायची. ज्याच्याकडे मोगरी, त्याची शेड, त्याचा शब्द आणि पुढच्या गलबताची पहिली वात त्याची. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. ज्याची बाजू कमी गळेल तो जिंकला. कण्यालगतची फट, म्हणजे तळाच्या कण्याला पहिली फळी जिथं भिडते ती सगळ्यांत अवघड फट, ती आबांची. ती कायम आबांचीच.

मधलीचं नाव कुणी काढलं नाही. तिनं फक्त तीस वर्षं कापूस मांडीवर वळून त्याच्या वाती केल्या होत्या, त्या तेलात मुरवल्या होत्या, राळ उकळताना दोन्ही हातांची कातडी भाजून घेतली होती. मधे चार वर्षं लग्नात गेली. नवरा खलाशी होता. तो एका बंदरात दुसऱ्या बाईकडे उतरला तो उतरलाच, आणि मधली परत येऊन वाती वळायला बसली. बाईनं वळायचं, पुरुषानं ठोकायचं. हा नियम कुणी केला? ज्यांना वळायचा कंटाळा होता त्यांनी केला. बाईच्या हाताला दम नसतो, बाईनं ठोकलेली फट गळते, असं आबा सांगत. एकाही बाईनं ठोकलेली फट त्यांनी जन्मात बघितली नव्हती. तरी त्यांना माहीत होतं. पुरुषांना न बघता पुष्कळ गोष्टी माहीत असतात.

"मधले," थोरला गलबताच्या त्या बाजूनं ओरडला, "त्याला सांग, त्याची बाजू कोरडी आहे ती माझ्या वाती घेतल्या म्हणून."

धाकटा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. "ताई, त्याला सांग, वाती तू वळल्यास. त्याला वळायला सांग एक. दोरखंड होईल त्याचा."

दोन वर्षं हे असंच. एक फळी वीतभर आखूड कापली गेली, कुणी कापली ते ठरलं नाही, आणि दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले. एका शेडमध्ये, एका गलबतावर, एका ताटलीतलं खात, दोघांमधले सगळे निरोप मधलीच्या तोंडून जायचे. पाच दिवसांपूर्वी तिनं ते बंद केलं होतं.

"माझं तोंड पोस्टपेटी नाही," ती आताही म्हणाली. "समोर उभा आहे तो. सांग की."

दोघेही आभाळाकडे बघायला लागले.

आबा आले ते गलबताच्या मालकाला, तांडेलाला, बरोबर घेऊन. तांडेल जाडजूड, भित्रा माणूस. आबांच्या हातात मोगरी होती. तिच्या डोक्यात आरपार दोन चिरा पाडलेल्या, त्या चिरांमुळे मोगरी गायची. फट रिकामी असली की आवाज पोकळ. वात बसत गेली की आवाज चढत जातो, आणि फट भरली की एकदम स्वच्छ, कडक 'टण्' येतो. तिथं हात थांबला पाहिजे. त्यावर एक घाव जास्त पडला की वात पाचरीसारखी फळी बाहेर ढकलायला लागते. हे सगळं डोळ्यांनी दिसत नाही. कानानं कळतं.

"बघा, तांडेल!" आबा ओरडले. ते अलीकडे सगळंच ओरडून बोलत. "कण्यालगतची फट बघा! लेपाखाली ओठ मिटल्यासारखी आहे की नाही? माझ्या हातची!"

मधलीच्या हसण्याला ठसका लागला.

ती फट आबांच्या हातची नव्हती. महिन्यापूर्वी आबांनी ती भरत आणली तेव्हा मधली पलीकडे राळेचं भांडं ढवळत होती आणि तिच्या कानावर 'टण्' आला होता. ती वाट बघत राहिली, आता थांबतील. आबा थांबले नाहीत. टण्, टण्, टण्, आणखी सहा घाव. मग पुढच्या हातभर फटीत तेच. पंचावन्न वर्षं मोगरीला कान देऊन आबांचे कान गेले होते. मोगरीनं ते वाजवून वाजवून खाऊन टाकले होते. फळी कण्यापासून सुटायला लागली होती, मधलीनं नख घालून बघितलं होतं.

सांगणार कुणाला? थोरल्याला सांगितलं तर त्यानं आबांना खाली बसवलं असतं. धाकट्याला सांगितलं तर त्यानं थोरल्याला सांगू नको म्हटलं असतं. मग मधलीनं दुपारी, भाऊ घरी जेवून आडवे झाले आणि आबा शेडमधल्या खाटेवर झोपले की, आकडीनं आबांची वात उपसली, फळी दाबून खिळे पुन्हा ठोकले आणि नवी वात घातली. आधी बारीक, मग जाड, मग राळ. सतरा दुपारी लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताखाली मोगरी गायली आणि ती एकटीच फिदीफिदी हसत बसली होती, वेड्यासारखी, तेलानं माखलेली.

आणि आता आबा तिच्या फटीवर हात फिरवून शेखी मिरवत होते.

"चला, कोरडं आहे तर कोरडं आहे," आबा म्हणाले. "बूच काढा. पाणी सोडा."

थोरला खाली वाकला. कण्याशेजारच्या फळीत अंगठ्याएवढं भोक असतं, पाणी सोडायला. पाणी भरण्याआधी त्यात बाहेरून लांब बूच मारायचं, वीतभर बाहेर राहील असं, म्हणजे उपटता येतं. गलबत लोटायच्या वेळी आखूड बूच मारून कायमचं बंद करायचं.

थोरला उठला. त्याच्या तोंडावर विचित्र भाव होता. "मधले, त्याला विचार, लांब बूच कुठाय."

"नाही विचारणार."

थोरल्यानं हात झटकले. दोन वर्षांनी त्यानं भावाकडे तोंड वळवलं. "लांब बूच कुठाय रे?"

"मला काय विचारतोस?" धाकटा म्हणाला. आवाज चिरकला त्याचा, इतका तो दचकला. "बाहेरून मारायचं काम तुझं. तू मारलं नव्हतंस. मी आत होतो, भोक उघडं दिसलं, म्हणून मी आतून आखूड मारलं. वर वात, वर राळ."

"तू... आतून?"

"मग काय करणार? तू उघडं सोडलंस!"

"मी सोडलं नव्हतं, मी मारायलाच आलो होतो! बघतो तर बूच मारलेलं! मला वाटलं, या मूर्खानं आत्ताच कायमचं मारलं. तांडेलाच्या नजरेला येऊ नये म्हणून मी बाहेरून वात ठोकली, आणि वर चुना आणि चरबीचा लेप दिला. पुढच्या नाळेपासून पार मागपर्यंत! कळूच नये म्हणून!"

आत पाणी डुचमळलं.

"म्हणजे," वहिनी हळूच म्हणाली, "आत पाणी आहे, आणि भोक कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही."

आत्या आडवी पडली. खरोखर आडवी पडली, वाळूत, हसून. "आतून एकानं, बाहेरून एकानं! अरे, शंभर वर्षांत या घरानं एवढं घट्ट काही केलं नाही!"

तांडेल आणि आबा सोडून सगळे हसायला लागले. वहिनी खांबाला धरून हसत होती. थोरला आणि धाकटा एकमेकांकडे बघत होते, रागावायचं होतं दोघांना, पण ओठ ऐकत नव्हते. दोन वर्षांनी बोलले आणि बोलले काय, तर हे.

तेवढ्यात उजवीकडचा एक टेकू करकरला.

हसू मधेच तुटलं. पाण्याचं वजन. गलबत जमिनीवर अशा ओझ्यानं फार वेळ उभं राहू शकत नाही. टेकू वाळूत चार बोटं रुतला होता.

"बादल्या!" धाकटा म्हणाला.

"तासाभरात टेकू बसेल. बादल्यांनी चार तास लागतील," थोरला म्हणाला, आणि धाकट्यानं मान हलवली. सरळ, निरोप्याशिवाय.

आबांनी बाकीचं ऐकलं नव्हतं, पण करकर त्यांना पायातून कळली असावी. ते गुडघ्यांवर बसले, मोगरी घेतली आणि लेपावरून ठोकत निघाले. ठक. ठक. ठक. मान कलती करून, कान लावून. सगळे श्वास रोखून बघत होते. मधली त्यांच्यामागं सरकत ऐकत होती. मोगरी भोकावरून गेली. आवाज बदलला, तिनं ऐकला, स्पष्ट, जरा मऊ. आबा पुढं गेले. हात-दीड हात पुढं जाऊन ते थांबले. मान डोलावली, ऐकू आल्यासारखी.

"इथं! गिरमिट लाव."

थोरल्यानं भोक पाडायचं गिरमिट उचललं. त्याचं टोक जिथं टेकलं होतं तिथं फट होती, तिची फट, तेराव्या दुपारची. गिरमिट फिरलं असतं तर वात, फळीची कड, सगळं फाडत गेलं असतं, आणि उद्या तांडेल माणसं घेऊन त्याच्यावर बसून समुद्रात गेला असता.

"थांब!" मधली ओरडली. "तिथं नाही!"

"आबा म्हणतायत तिथं."

"आबांना ऐकू येत नाही!"

झालं. तोंडातून गेलं. आता गिळून परत घ्यायची सोय नव्हती.

थोरला गिरमिट धरून तसाच राहिला. मग म्हणाला, "तुला माहीत आहे?"

"म्हणजे तुला पण?"

"वर्ष झालं. मला वाटलं मला एकट्यालाच."

"मला दोन वर्षं माहीत आहे," धाकटा म्हणाला. "मी म्हटलं, तुम्हाला कळलं तर त्यांना घरी बसवाल."

"मला चार," आत्या वाळूतून उठत म्हणाली. "माझा भाऊ आहे तो. त्याला शिव्या दिल्या तरी गोड हसतो, तेव्हाच ओळखलं."

वहिनी म्हणाली, "मी तर रोज खुणेनंच विचारते, भाजी वाढू का."

आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय? काय म्हणतायत?"

कुणाला धड सांगता येईना आणि कुणाला हसू आवरेना. एवढा मोठा गुपिताचा डोंगर, प्रत्येकानं एकट्यानं डोक्यावर घेतलेला, आणि निघाला सगळ्यांचा एकच. मधली हसत होती आणि डोळे पुसत होती. पण टेकू पुन्हा करकरला आणि तिचं डोकं ताळ्यावर आलं.

"ती फट मी भरलीय," ती म्हणाली. "आबांची उपसून. सतरा दुपारी. मला तिचा हात-न्-हात माहीत आहे. दे इकडे मोगरी."

तिनं दिली जायची वाट बघितली नाही. आबांच्या हातून मोगरी काढून घेतली, आणि आबांनी, का कोण जाणे, बोटं सैल सोडली.

ती पाठीवर सरपटत गलबताखाली गेली. दीड हात मागं. ठक, ठक, ठप्. तिथंच. छिणीनं लेप खरवडला, खाली थोरल्याची वात होती, बरी ठोकलेली, तेवढं तिनं मनात कबूल केलं. आकडी घालून ओढली. आत बुचाचं तोंड.

"आतून मारलंय म्हणजे पाणी त्याला बाहेर दाबून आणखी घट्ट करतंय," ती म्हणाली. "बाहेरून आत ढकलावं लागेल. बाजूला व्हा सगळे."

"मी धरतो छिणी," थोरला म्हणाला आणि तिच्या शेजारी आडवा झाला.

"बाजूला हो म्हटलं ना!"

"मधले, तुझ्या हाताला दम..."

तिनं घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला बूच आत उडालं आणि कमरेएवढं पाणी अंगठ्याएवढ्या भोकातून सगळं एकदम यायचं ठरवून निघालं. पहिली धार थोरल्याच्या उघड्या तोंडात गेली.

मग काही ऐकूच आलं नाही. थोरला घशातून गुळण्या करत ओरडत होता, धाकटा त्याला पाय धरून बाहेर ओढत होता आणि ओढता ओढता घसरून त्याच्यावरच पडला. पाणी वाळूतून पळत सुटलं, आत्याची चप्पल घेऊन गेलं. आत्या चपलेमागं धावली, वहिनी आत्यामागं. तांडेल टेकूला मिठी मारून उभा होता, जणू तोच गलबत पेलत होता. दोघे भाऊ चिखलात बसून एकमेकांच्या पाठीत बुक्क्या मारत होते.

"फळी तूच आखूड कापली होतीस!" थोरला खोकत म्हणाला.

"हो, मीच!" धाकटा म्हणाला. "मग?"

"मग काही नाही!"

दुपारपर्यंत गलबत रिकामं झालं. टेकू पुन्हा ठोकून बसवले, ओल्या फळ्यांवर ऊन आलं. आता ते भोक कायमचं बंद करायचं होतं. भाऊ कपडे वाळत घालून उघड्या अंगानं तांडेलाबरोबर चहा पीत बसले होते, दहा पावलांवर. मधली गलबताखाली आडवी होती, आखूड बूच मारून झालं होतं, भोवतीची वात बाकी होती. मोगरी तिच्याकडेच होती. कुणी मागितली नव्हती. कुणी दिलीही नव्हती. त्याचा राग तिच्या मनात होता, हसून हसून पोट दुखत होतं तरी होता. न मागितलेली वस्तू चोरीची वाटते, स्वतःच्या घामाची असली तरी.

आबा सरपटत आत आले. तिच्या शेजारी पाठीवर पडले.

मग आबा तिच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं ते कुजबुजतायत.

"कुणाला सांगू नकोस!" ते एवढ्यानं म्हणाले की पंपावरचे कावळे उडाले. "ती फट तू भरलीस, मला माहीत आहे!"

तिकडं कपबश्यांचा आवाज बंद झाला.

"माझी खाट त्या मागच्या टेकूला लागून आहे! रोज दुपारी खाटेतून घाव कळायचे! सतरा दुपारी झोपलो नाही मी! बहिरा झालोय, मेलो नाही!"

मधलीनं मोठमोठ्यानं ओठ हलवून विचारलं, "मग सकाळी माझ्या हातची, माझ्या हातची म्हणून कशाला नाचत होता?"

आबांनी ओठ वाचले. त्यांचे कान लाल झाले, निकामी असले तरी. "मला पटवायचं होतं," ते म्हणाले, त्यांच्या मते हळूच. "माझंच मला. तांडेलाला कळू देऊ नकोस! तू माझ्यापेक्षा चांगली ठोकतेस!"

तिकडून तांडेलाचा चहा नाकातून बाहेर आल्याचा आवाज आला, आणि मग आत्याचं हसू, जे पार खाडीच्या त्या तीरावर पोचलं असेल.

"काय झालं?" आबांनी विचारलं. "का थांबलीस? मार."

त्यांनी बुचाशेजारी फळीवर तळवा टेकवला, सपाट, बोटं पसरून. मधलीनं वात लावली, छिणी धरली, मोगरी उचलली. पोकळ. पोकळ. चढला. आणखी चढला. टण्.

मोगरी खाली आली आणि थांबली.

"आणखी एक," आबा म्हणाले.

"नाही," मधली म्हणाली, आणि त्यांना दिसावं म्हणून मान हलवली. "भरली."

आबांनी तळवा फळीवर तसाच ठेवला, थोडा वेळ, खात्री करत असल्यासारखा. मग उचलला, मोगरी तिच्याकडेच राहू दिली आणि बाहेर ओढून घ्यायला हात तिच्याकडं पुढं केला. बाहेर सरकून मधलीनं मोगरी डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं त्यांना गलबताखालून बाहेर ओढलं.